सुकेळ्यांच्या पेटीचं पेटंट

नोटिशीच्या चौथ्या पानावर इनासभाऊंच्या पेटीचं चित्र होतं. चित्राखाली नाव एका कंपनीचं.

इनासभाऊ माझ्या समोर खुर्चीच्या काठावर बसले होते. वटार गावाहून एम-एटी मोपेडवर आले होते, शर्टाचा खिसा घामाने ओला झाला होता आणि नोटीस त्याच खिशात घडी करून आणल्यामुळे तिची शाई फुटली होती. त्यांनी चित्रावर बोट ठेवलं.

"हे दार बघा मॅडम. डावीकडे आहे. पेटीचं दार उजवीकडे असतं, कुठलीपण पेटी बघा. मी डावखुरा, म्हणून मी डावीकडे केलं. ह्यांच्या कंपनीत सगळे डावखुरे आहेत काय?"

मी पेटंट एजंट होते. कोणी नवीन काही शोधून काढलं की त्याचं वर्णन कायद्याच्या भाषेत लिहायचं, पेटंट ऑफिसात दाखल करायचं आणि तिथल्या आक्षेपांना उत्तरं द्यायची, हे माझं काम. फोर्टातल्या एका फर्ममध्ये मी ते सव्वीस वर्षं केलं. फर्मचे क्लायंट म्हणजे औषध कंपन्या आणि मशिनवाले. पण शनिवारी वसईच्या घरी, बाहेरच्या खोलीत, मी आसपासच्या लोकांना भेटायचे. सीनियरना ते माहीत होतं. फाइल फर्मच्या नावाने होत असल्यामुळे त्यांची काही हरकत नव्हती.

आधी पेटी काय होती ते सांगते. वसईची सुकेळी ज्यांनी खाल्ली आहेत त्यांना माहीत असेल, राजेळी केळी पिकवून, सोलून, मांडवावर उन्हात वाळवतात. पाच-सहा दिवस लागतात. संध्याकाळी सगळी गोळा करून झाकायची, सकाळी पुन्हा मांडायची. मध्ये आभाळ आलं की माल आंबला. उन्हावर चालणाऱ्या वाळवणाच्या पेट्या तेव्हाही मिळत, पण त्यांत केळं वरून कडक व्हायचं आणि आत कच्चं राहायचं. दुपारी हवा तापून जोरात वाहते आणि वरची ओल एकदम ओढून नेते, त्याचा हा परिणाम.

इनासभाऊंनी पेटीच्या धुराड्यात पत्र्याची एक हलकी झडप टांगली. हवा तापून जोरात वर निघाली की झडप आपोआप उचलली जाते आणि अर्धी वाट अडवते, म्हणजे ओल सावकाश निघते. जोर कमी झाला की खाली येते. वीज नाही, मोटर नाही, माणूस उभा राहायला नको. ऐकायला सोपं वाटतं. त्या झडपेचं वजन आणि जागा ठरवायला त्यांना चार हंगाम लागले होते. शिक्षण म्हणाल तर नववी. पण मी कॉलेजात जे शिकले ते सगळं त्या पत्र्याच्या तुकड्यात होतं.

आणि आता वसईजवळ कामणला गोडाऊन असलेली एक कंपनी त्यांना कळवत होती की ही पेटी आमचा शोध आहे, तुम्ही ती बनवणं ताबडतोब थांबवा, नाहीतर नुकसानभरपाई भरा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

मी त्यांना समजावलं. अर्ज म्हणजे पेटंट नव्हे. अर्ज केल्यावर साधारण अठरा महिन्यांनी तो सरकारी जर्नलमध्ये छापतात, म्हणजे जगाला कळावं की अमुक माणूस अमुक गोष्टीवर हक्क मागतोय. कंपनीचा अर्ज आत्ता फक्त छापला गेला होता. मंजूर होईपर्यंत ते कोणालाही कोर्टात खेचू शकत नव्हते. नोटीस म्हणजे निव्वळ दमबाजी होती.

"हे तुम्हाला कळतं. आमच्याकडे सात घरांना आलीय," इनासभाऊ म्हणाले. "तिघांनी पेट्या मोडल्यापण."

वकिलाच्या लेटरहेडवर रजिस्टर्ड पत्र आलं की साध्या माणसाची झोप उडते, हे त्या कंपनीला बरोबर ठाऊक होतं. मला तेव्हाच राग आला होता. पण तो राग अजून कामाचा होता, कारण मला वाटत होतं की ही केस आपण जिंकणार.

आमचाही अर्ज होता. तो मीच लिहिला होता. पण तो कंपनीच्या अर्जानंतर पाच महिन्यांनी दाखल झाला होता आणि पेटंटच्या कायद्यात पहिला येणाऱ्याला पहिला मान. ते पाच महिने का गेले, ते सांगते.

आमच्या अर्जाच्या आदल्या वर्षी सरकारच्या एका खात्याने नवसंशोधन अभियान काढलं होतं. वसईत एका हॉलमध्ये शिबिर झालं. मी पहिल्या रांगेत पाहुणी होते. मागे बॅनर, 'देशाचं ज्ञान, देशाची संपत्ती'. खात्याचे साहेब चांगले बोलले. परदेशी लोक आपल्या हळदीवर आणि कडुनिंबावर कसे हक्क सांगायला गेले, आपण बेसावध राहिलो तर कसे लुटले जाऊ, वगैरे. शेवटी म्हणाले, तुमच्या गावात कोणी काही नवीन बनवलं असेल तर त्याचं ड्रॉइंग आणि माहिती तीन प्रतींत आमच्याकडे द्या, तज्ज्ञांची कमिटी ते तपासेल आणि पेटंटचा अर्ज सरकार स्वतः करेल. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

त्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत इनासभाऊ बसले होते. तेव्हा माझी त्यांची ओळख नव्हती. त्यांनी तीन प्रती दिल्या. झडपेचं वजन, कोन, धुराड्याची उंची, सगळं. डावीकडचं दार सुद्धा. अकरा महिन्यांनी खात्याचं उत्तर आलं, निधीअभावी प्रस्ताव विचारात घेता येत नाही. ड्रॉइंग परत आली नाहीत. मग कोणीतरी माझं नाव सांगितलं, ते माझ्याकडे आले आणि मी अर्ज दाखल केला. त्याच्या पाच महिने आधी कंपनीचा अर्ज आत गेलेला होता.

नोटीस आली त्या शनिवारी मी खात्याचं ते नकाराचं पत्र पुन्हा मागवून घेतलं. तळाशी बारीक अक्षरात कमिटीच्या सदस्यांची यादी होती, प्रत माहितीसाठी म्हणून. तिसरं नाव उद्योगक्षेत्राचे प्रतिनिधी. त्यांचा हुद्दा त्याच कंपनीतला, जनरल मॅनेजर.

पेटंट म्हणजे काय असं लोक विचारतात तेव्हा मी सांगायचे, शेताला कुंपण. इथे कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

मंजुरीआधी कोणालाही दुसऱ्याच्या अर्जाला विरोध करता येतो. आम्ही तो केला. कारण लिहिलं की शोध इनासभाऊंचा आहे आणि अर्जदाराने तो त्यांच्याकडून लबाडीने मिळवला. हे सिद्ध झालं तर कंपनीचा अर्ज पडणार होता आणि आमचा उभा राहणार होता. सिद्ध करायला एकच कागद हवा होता. इनासभाऊंची ड्रॉइंग कमिटीसमोर ठेवली गेली, त्या बैठकीला हा मॅनेजर हजर होता, एवढं दाखवणारा कागद. तो खात्याच्या फाइलमध्ये असणारच.

मी खात्यात गेले. तेच साहेब होते. चहा मागवला, अभियानाची माहितीपुस्तिका दिली.

"तुमचे क्लायंट नशीबवान," ते म्हणाले. "कमिटीपर्यंत फार थोडे प्रस्ताव गेले."

"म्हणजे ह्यांचा गेला होता?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तसं मी म्हटलं नाही. फाइल बघावी लागेल."

"मग बघा. मी बसते."

फाइल वर पाठवली होती. वर म्हणजे कुठे, ते त्यांना नक्की सांगता येत नव्हतं. मी तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी साहेब मीटिंगमध्ये होते आणि शिपायाने मला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं. मला त्या बाकावरून त्यांचा हसण्याचा आवाज ऐकू येत होता.

माहितीच्या अधिकाराचा कायदा तेव्हा नवा होता. मी इनासभाऊंच्या सहीने अर्ज केला. 'माझ्या प्रस्तावाची फाइल, बैठकीचं इतिवृत्त आणि हजेरीपट द्या.' महिनाभराने उत्तर आलं. मागितलेल्या माहितीत त्रयस्थ पक्षाची बौद्धिक संपदा असल्यामुळे ती देता येत नाही.

मी ते दोनदा वाचलं. इनासभाऊंनी स्वतःच्या हाताने काढलेलं चित्र इनासभाऊंना दाखवायचं नाही, कारण त्यात कोणाची तरी बौद्धिक संपदा आहे. मी टेबलावर फाइल आपटली आणि तोंडातून शिवी गेली. सव्वीस वर्षांत ऑफिसात मी दिलेली ती एकमेव शिवी. शेजारच्या केबिनमधली मंडळी उठून बघायला आली. अपील केलं, पण अपिलाला किती महिने लागतील ते कोणी सांगू शकत नव्हतं आणि पेटंट ऑफिसातली सुनावणी तोपर्यंत थांबणार नव्हती.

मग दुसरे पुरावे शोधायला मी वटारला गेले. विचार असा की नोटीस आलेली आणखी सहा घरं आहेत, त्या लोकांची प्रतिज्ञापत्रं घेऊ. इनासभाऊंनी पेटी आधी बनवली, त्यांच्याकडून आम्ही शिकलो, असं सहा जणांनी सांगितलं तर थोडं वजन पडेल.

वाडीत चार पेट्या शिल्लक होत्या. मी एकेक उघडून पाहिली. माझ्या लक्षात आलं की चारही पेट्यांतल्या झडपा अगदी सारख्या आहेत. कोन तोच, वजन तेच, धुराड्याची उंची बोटभरही इकडेतिकडे नाही. नुसतं बघून बनवलेली वस्तू अशी जुळत नाही.

"ह्यांना मापं कोणी दिली?" मी विचारलं.

इनासभाऊंची बायको मार्थाबाई ओट्यावर केळी सोलत होती. "पेपरात आलं होतं ना," ती म्हणाली.

मी पेटी सोडून ओट्याकडे वळले. "कुठल्या पेपरात?"

ती आत गेली आणि चर्चच्या मासिकांचा गठ्ठा घेऊन आली. सुतळीने बांधलेला, वर्षवार लावलेला. त्यातला नाताळचा अंक तिने काढून दिला. सहाव्या पानावर पेटीचं चित्र. मापं. झडपेचं वजन. कृती, पायरी पायरीने. वर मथळा, 'आपल्या इनासची पेटी'. अंक माझ्या अर्जाच्या दोन वर्षं आधीचा. कंपनीच्या अर्जाच्याही आधीचा. सरकारच्या शिबिराच्याही आधीचा.

मग सगळी हकिगत बाहेर आली. वसईच्या ख्रिस्ती लोकांत आगेरा नावाचा सुगीचा सण असतो. नव्या पिकाच्या लोंब्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतात आणि मग ते धान्य घरात येतं. शेतात पहिल्यांदा आलेलं आधी तिथे ठेवायचं. पेटी जमली त्या वर्षी इनासभाऊंनी ती हातगाडीवर घालून आगेऱ्याला नेली. ढगाळ दिवसांत वाळलेली सुकेळी त्यात होती. फादरांनी पेटीवर पवित्र पाणी शिंपडलं आणि मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर म्हणाले, इनास, सगळ्यांना समजावून सांग. त्यांनी सांगितलं. चर्चच्या शाळेतल्या टीचरनी मापं लिहून घेतली आणि मासिकात छापली, ज्याला हवी त्याने बनवावी म्हणून. त्यांच्याकडे ही रीतच आहे. कलम जमलं, बियाणं चांगलं निघालं, तर ते आपल्यापाशी दाबून ठेवायचं नाही.

इनासभाऊ खूश झाले होते. "हे चालेल ना मॅडम? ह्याच्यात माझं नाव आहे. तारीख आहे. मी पहिला आहे हे छापलंय."

मला तिथून उठून जावंसं वाटलं.

पेटंट फक्त नव्या गोष्टीला मिळतं. नवी म्हणजे अर्जाच्या दिवशी जगाला माहीत नसलेली. ती आधी कुठेही छापून आली असेल, तर ती नवी राहत नाही. छापणारा स्वतः शोधक असला तरीही नाही. कायद्यात दोन-तीन पळवाटा आहेत. सरकारने गॅझेटमध्ये जाहीर केलेल्या प्रदर्शनात वस्तू मांडली तर चालते. आगेऱ्याचं गॅझेट कोणी काढत नाही. कोणी परवानगीशिवाय छापलं तर चालतं. इथे परवानगी कसली, इनासभाऊंनी टीचरना टेप धरून मापं दिली होती.

म्हणजे तो अंक कंपनीचा अर्ज पाडणार होता, हे नक्की. आणि त्याच फटक्यात आमचाही.

मी त्यांना हे सांगितलं. सरळ सांगितलं, दोनदा सांगितलं. त्यांनी अंक हातात घेऊन सहावं पान पुन्हा उघडलं.

"म्हणजे मी चूक काय केली?"

"तुम्ही आधी सगळ्यांना सांगितलंत."

"चोरी केली असती तर चाललं असतं?"

तेवढ्यात मला ह्याहून वाईट गोष्ट आठवली. अर्ज लिहिताना फर्मची एक छापील प्रश्नावली भरून घ्यायची असते. त्यात प्रश्न आहे, शोधाची पूर्वप्रसिद्धी झाली आहे काय? मी तो तसाच वाचला होता. ते 'नाही' म्हणाले होते आणि मी खूण करून पुढच्या प्रश्नावर गेले होते. त्यांच्या हिशेबी प्रसिद्धी म्हणजे मुंबईचा पेपर. चर्चचं मासिक म्हणजे घरातली वस्तू. मी वसईत वीस वर्षं राहत होते. आगेरा मला माहीत होता, मासिक मी शेजाऱ्यांकडे पाहिलं होतं. तरी मला आणखी एक प्रश्न विचारावासा वाटला नाही. खात्याच्या साहेबाला आणि मॅनेजरला शिव्या घालणं सोपं आहे. ती खूण माझ्या हातची होती.

सोमवारी सीनियरना सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं.

"अंक कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे. आणि वटारला घरोघरी असेल."

"पेटंट ऑफिसवाले वटारला जात नाहीत," ते म्हणाले. "ड्रॉवरमध्ये ठेव. लबाडीच्या मुद्द्यावर लढ. ते सिद्ध झालं तर आपला अर्ज वाचतो."

"आणि नाही झालं तर? कंपनीला पेटंट मिळेल. मग त्या नोटिसा खऱ्या होतील."

"तो धोका क्लायंटचा. त्याला विचार. पण आपण होऊन आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचं कायद्याने बंधन नाही."

ते चूक बोलत नव्हते. चूक बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, क्लायंट म्हणेल ते करीन, पण हा अंक नाहीच असं माझ्या सहीने कुठे लिहिणार नाही. ते म्हणाले, लिहू नकोस, नुसती गप्प बस.

शनिवारी इनासभाऊ आणि मार्थाबाई दोघं आले. मी दोन्ही वाटा समोर ठेवल्या. अंक दिला तर कंपनीचं नक्की जाईल, तुमचंही जाईल आणि पेटी सगळ्यांना मोकळी होईल. दिला नाही तर तुमच्या नावाला थोडी आशा आहे, पण हरलो तर सातही घरांना पेटीला हात लावता येणार नाही.

मार्थाबाई आधी बोलली. "ठेवा तो अंक बाजूला. चार वर्षं ह्यांनी दुसरं काही बघितलं नाही. पत्रे कापून कापून हात बघा ह्यांचे. कुठेतरी नाव लागू दे ह्यांचं."

दोघं त्यांच्या बोलीत बोलायला लागले. मला निम्मंच कळत होतं, पण भांडण होतं हे कळत होतं. मग इनासभाऊ माझ्याकडे वळले.

"त्या सहा घरांना मी मापं दिली. माझ्यामुळे त्यांना कागद आले. एकाने पेटी फोडून चुलीत घातली आणि मला बोललापण नाही. त्यांच्या पेट्या माझ्या नावासाठी पणाला लावू? द्या अंक."

"नीट विचार करा, इनासभाऊ."

"केला. माझं नाव नाही तर नाही. पण कंपनीचं लागू द्यायचं नाही."

ते रागाने बोलत होते. त्यागबिग काही नव्हतं त्यात. मला तो राग पटला.

सुनावणीला कंपनीचा वकील आणि जनरल मॅनेजर दोघं आले होते. अंक पुढे आल्यावर वकील हसला. चर्चचं पत्रक, चार घरांत वाटलेलं, ह्याला कायद्याने प्रसिद्धी म्हणायचं? कंट्रोलर, म्हणजे निर्णय देणारे अधिकारी, यांनी इनासभाऊंना विचारलं, हे मासिक मिळतं कोणाला?

"चर्चच्या दारात टेबलावर ठेवतात साहेब. कोणीपण घेतो. आमचा भेळवाला घेतो, पुड्या बांधायला."

कंट्रोलरनी ते लिहून घेतलं. वकील परत हसला नाही. लबाडीच्या मुद्द्यावर कंट्रोलरनी मला विचारलं, ड्रॉइंग कमिटीपुढे गेली याचा कागद? मी माहिती नाकारल्याचं पत्र दाखवलं. त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, मॅडम, मला समजतंय, पण हा पुरावा होत नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये मॅनेजर इनासभाऊंजवळ आला. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, तुमची आयडिया चांगली होती. पण नुसत्या आयडियाने काही होत नाही. सिस्टिम समजली पाहिजे."

इनासभाऊंनी तो हात खांद्यावरून खाली केला. "चित्र उचललंत ते उचललंत. दार तरी उजवीकडे करायचं."

मॅनेजरला ते कळलंच नाही. त्याने ती पेटी कधी उघडून बघितली नसावी. माझा हात शिवशिवत होता. मी फाइल दोन्ही हातांनी धरून जिना उतरले.

अडीच महिन्यांनी निकाल आला. पूर्वप्रसिद्धीमुळे कंपनीचा अर्ज नामंजूर. लबाडीने मिळवल्याचा मुद्दा पुराव्याअभावी सिद्ध झाला नाही. म्हणजे कागदोपत्री कोणी काही चोरलंच नव्हतं. पुढे आमच्या अर्जावर पेटंट ऑफिसचा तपासणी अहवाल आला. त्यात आक्षेप पहिला, तोच अंक, सहावं पान. अहवाल अगदी बरोबर होता. अर्ज मागे घेतल्याचं पत्र मी तयार केलं आणि इनासभाऊंनी डाव्या हाताने त्यावर सही केली.

सातही घरांत पेट्या पुन्हा उभ्या राहिल्या. कंपनीचंही काही अडलं नाही. तिने पेटीला एक पंखा जोडला आणि विकत राहिली, पेटी आता सगळ्यांचीच होती. खात्याने पुढच्या माहितीपुस्तिकेत ग्रामीण संशोधनाचा नमुना म्हणून इनासभाऊंच्या पेटीचा फोटो छापला. माझ्या अपिलाचं उत्तर मात्र आलं नाही. मग एक दिवस साहेबांचा फोन आला. वसईत पुन्हा शिबिर आहे, पेटंट जागृतीवर तुम्ही बोला. मी म्हटलं, बोलते, पण पहिलं वाक्य असं असेल की ह्या स्टेजवर कोणीही आपलं ड्रॉइंग देऊ नये. ते म्हणाले, नंतर कळवतो. कळवलं नाही.

त्या केसनंतर मी फर्मची प्रश्नावली बदलली. पूर्वप्रसिद्धी झाली काय, हा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी विचारायला लागले, हे कोणाकोणाला दाखवलं, त्यांची नावं सांगा, घरापासून सुरुवात करा. देवळातल्यांची, शाळेतल्यांची, सोयऱ्यांची. लोक चकित व्हायचे. अर्धे अर्ज तिथेच गळायचे.

तीन वर्षांनी इनासभाऊंचा फोन आला. फोनवर काही सांगायला तयार नव्हते. या, एवढंच म्हणाले. मी वटारला गेले. मागचं अंगण पत्रे लावून बंद केलं होतं, दाराला कुलूप. आत निळ्या ताडपत्रीखाली काहीतरी उभं होतं. त्यांनी ताडपत्री वर केली, दहा मिनिटं मला समजावलं आणि परत झाकली. वस्तू चांगली होती. पेटीपेक्षा चांगली.

मी नेहमीप्रमाणे विचारलं, कोणाला दाखवलंय?

"कोणाला नाही. हिलापण नाही."

मार्थाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने तो बाहेरच ठेवला आणि गेली.

आम्ही कुलूप लावत होतो तेवढ्यात शेजारचा एकजण कुंपणापाशी आला. त्या सहा घरांपैकीच एक, ज्याने पेटी चुलीत घातली होती तो. आपुलकीने विचारत होता, इनास, कसली खटपट चाललीय एवढी, आम्हाला पण दाखव की.

"काही नाही," इनासभाऊ त्याच्याकडे न बघता म्हणाले. "भंगार आहे."

तो अर्ज मी पंधरा दिवसांत दाखल केला आणि यथावकाश त्याचं पेटंट मिळालं. पेटंटच्या धंद्यातला पहिला नियम साधा आहे, आधी अर्ज करायचा, मग तोंड उघडायचं. माझ्या सगळ्या नोकरीत हा नियम इतका नीट शिकलेला दुसरा क्लायंट मला भेटला नाही.